साठ सायकलींचा आवाज

प्रभाकर नावाच्या मुलाला मी आधी ऐकलं आणि पाहिलं ते फार नंतर. ऐकलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं, की हा मुलगा एकतर पितो, नाहीतर त्याच्या जिभेवरून वारं गेलेलं आहे. एकमत ही आमच्या घरात दुर्मिळ गोष्ट होती. माझे बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, यांचं वरणात गूळ घालावा की नाही यावरसुद्धा कधी जमलं नाही. पण त्या रविवारी दोघंही एका सुरात म्हणाले, "हे काई खरं नाई."

आम्ही तेव्हा अमरावतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबा नगरपालिकेच्या शाळेत गणिताचे मास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणत आणि घरातही ते फळ्यासमोर उभे असल्यासारखेच बोलत. मधल्या भिंतीपलीकडे एक फुलवाल्यांचं कुटुंब होतं. पहाटे त्यांच्या बायका ओल्या पोत्यांतून शेवंती झटकून काढायच्या, त्या फटफट आवाजानं मला जाग यायची आणि पाठोपाठ माझ्या मायचा भाकरी थापण्याचा आवाज यायचा. दोन्ही ताल इतके सारखे होते, की भूक लागली की मला शेवंतीचा वास यायचा. अजूनही येतो. घरात वीज येऊन फार काळ झाला नव्हता. दोन दिवे होते आणि भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली, प्लगची एकुलती एक जागा. तिच्यात लावायला आमच्याकडे काहीच नव्हतं. पण बाबांनी ती हौसेनं बसवून घेतली होती आणि शाळेला सुट्टी असली की ते तिच्यावरची धूळ पुसायचे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय फिजिक्स. पुढे नागपूरला जाऊन एम.एस्सी. करायचं माझ्या मनात होतं. बाबांच्याही मनात होतं, पण त्यांच्या मनात त्याच वेळी इतरही बरंच काही होतं. त्यातलंच एक म्हणजे अकोल्याचं स्थळ. गणपतराव मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीवर गार्ड होते, आता रिटायर होऊन अकोल्यात राहत. त्यांचा मुलगा प्रभाकर शेतकीचं शिकून, स्कॉलरशिप मिळवून, कापसाच्या बियाण्याचा अभ्यास करायला अमेरिकेत गेलेला. आमच्या समाजातून इतक्या लांब गेलेला मुलगा बाबांच्या माहितीत दुसरा नव्हता. मुलगी पाहायला त्याला काही येता येत नव्हतं. म्हणून त्यानं एक टेपरेकॉर्डर, फितीचं एक भरलेलं स्पूल आणि एक मोकळं परत येणाऱ्या मित्राबरोबर आईवडिलांकडे पाठवलं होतं. मुलाला पाहता येत नाही, निदान ऐका, असा त्याचा विचार.

तर त्या रविवारी मुलाऐवजी एक पेटी आमच्याकडे आली. गणपतराव ती छातीशी धरून टांग्यातून उतरले. मागून त्यांच्या पत्नी अनसूयाबाई उतरल्या, हातात लोखंडी ट्रान्सफॉर्मर घेऊन. तो इतका जड होता, की बाई एका बाजूला कलल्या होत्या. अमेरिकेतली वीज आपल्या विजेच्या निम्म्या जोराची, म्हणून हा ठोकळा मध्ये लावायचा, एवढं त्या मित्रानं त्यांना शिकवलं होतं. आत्या वलगावहून आदल्या दिवशीच आली होती. तिच्या मळ्यातल्या वांग्यांची आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची टोपली स्वयंपाकघरात होती, आणि मायनं सोल्यांची झणझणीत आमटी केली होती. मी नवं पातळ नेसून चहा घेऊन आले. पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पेटीकडे पाहत होते. दाखवायचा कार्यक्रम तिचाच होता.

बाबांनी स्वतःच्या हातानं प्लग लावला. ठोकळा गुणगुणायला लागला. गणपतरावांनी हिरवी झेंडी दाखवावी तसा हात वर करून बटण दाबलं. चकत्या फिरल्या आणि पेटीतून एक जाड, ओला, घोगरा आवाज आला. "मीऽ... प्रऽभाकऽर... बोऽलतोऽय..." दोन शब्दांच्या मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा. पुढे तो आवाज म्हणाला, की इथं थंडी फार आहे, बर्फ पडतो, मी खोलीवर स्वतः भात करतो. भात हा शब्द उच्चारायला त्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात तो शिजला असता. माय पदराआड गेली. बाबा छताकडे बघू लागले. आणि आत्या, जिला कुजबुजता येत नाही, ती कुजबुजली, "हा पोट्टा बोलून राहिला का झोपून राहिला वं?"

"थंडी हाय नं तिकडं," गणपतराव घाईघाईनं म्हणाले. "थंडीनं घसा बसते मानसाचा." आणि अर्ध्यातच त्यांनी बटण बंद केलं. मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्या टेप चालू होती तोवर पेटीकडे बघतच नव्हत्या, आमच्या तोंडांकडे बघत होत्या, एकेकाच्या. नंतर जेवायला बसल्यावरही त्यांच्या पुढ्यातलं ताट तसंच होतं. सोल्यांच्या आमटीवर साय धरली होती. जाताना गणपतराव म्हणाले, "पेटी ठेवतो इथीच. पोरीनंबी दोन शब्द बोलावं त्याच्यासाठी. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातो."

टांगा वळला आणि घरात कोर्ट भरलं.

"पितो तो," माय म्हणाली.

"लकवा हाय," आत्या म्हणाली. "आमच्या वलगावात एका मानसाले झाला होता, तो असाच बोले."

बाबा येरझाऱ्या घालत होते. "अमेरिकेत गेलेला मुलगा... आणि असा? पण कानांनी ऐकलं ते कसं नाकारू? रविवारी आले की नम्रपणे नाही म्हणून टाकू." मग माझ्याकडे वळून, जरा चाचरत, "तुले काय वाटते, सुमे?"

मला काय वाटत होतं? खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. स्थळ मोडलं की नागपूर मोकळं. पण एक गोष्ट मला टोचत होती. त्या घोगऱ्या आवाजात जे वाक्य होतं, ते वाक्य मात्र घोगरं नव्हतं. भात जास्त झाला की तो शेजारच्या म्हाताऱ्या बाईला नेऊन देतो आणि ती त्यात साखर घालून खाते, हे त्याला बघवत नाही, असं तो म्हणाला होता. पिणाऱ्या माणसाचं वाक्य असं नीट शेवटाला पोचत नाही. मी म्हटलं, "बाबा, नाही म्हणायचं तर म्हणू. पण मुलाच्या दोषासाठी म्हणू. पेटीच्या दोषासाठी नको. आधी पेटी तपासू."

एवढं बाबांना पुरे होतं. यंत्र कुठलंही असो, ते मळतं आणि कोरडं पडतं, म्हणून ते पुसावं आणि त्याला तेल द्यावं, असा त्यांचा सिद्धान्त होता. सायकल, शिवणयंत्र, शाळेची घंटा, सगळं त्यांनी याच दोन उपायांनी बरं केलं होतं. सोमवारी शाळेतून आल्यावर त्यांनी कोट काढला, पेटीची झाकणं उघडली, मायच्या शिवणयंत्राची तेलाची बुधली घेतली आणि दिसेल त्या फिरत्या भागाला एकेक थेंब दिला. त्यात एक रबराचं चाकही होतं. आता प्रभाकर मध्येच घसरायला लागला. "मीऽऽ प्र... प्र... प्र..." असं म्हणून तो एक मोठा सुस्कारा टाकायचा.

"गेला," आत्या म्हणाली. "तेलानं मारलं पोट्ट्याले."

ते तेल पुसून काढायला मला दुसऱ्या दिवशी कॉलेजातून स्पिरिट आणावं लागलं. मग चौकातले रेडिओवाले बब्बूभाई आले. त्यांनी पेटीला कान लावला, ठोकळ्याला हात लावला, छतावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "गुरुजी, पेटी फर्स्ट क्लास है. करंट में दम नहीं है. शाम को पूरा शहर बत्ती जलाता है, मशीन बेचारी क्या करेगी? सुबह लगाओ." दम नसलेल्या करंटाचं आम्हांला सगळ्यांनाच पटलं, कारण संध्याकाळी आमचे दिवे खरोखरच पिकल्या लिंबासारखे पिवळे दिसायचे. म्हणून पहाटे, फुलवाल्यांच्या शेवंतीच्या ठेक्यावर, सगळं घर तोंड धुवून पेटीभोवती बसलं. दिवा लखलखीत होता. प्रभाकर रेड्यासारखाच होता.

माझी नात पुण्यात असते. मध्यंतरी इथं आली होती तेव्हा जुने फोटो आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये भरून देत होती. ते काम गोगलगायीसारखं चाललेलं. डिस्क खराब झाली म्हणून ती नवी आणायला निघाली होती. मी विचारलं, "हीच डिस्क तुझ्या छोट्या कॉम्प्युटरला लावली तर?" तिथं ती पळाली. मग त्याच तारेचं टोक मोठ्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भोकात लावलं, तर तिथंही पळाली. पहिलं भोक जुन्या पद्धतीचं होतं, एवढंच. नात म्हणाली, "आजी, तुला हे कसं कळलं?" मला हार्ड डिस्कमधलं काहीही कळत नाही. पण आजारी कोण आहे हे ठरवायचं, तर एकेकाची जागा बदलून बघावी लागते, हे मला आत्यानं शिकवलं. तेही चुकून.

झालं असं. गुरुवारी दुपारी मी आणि आत्याच घरी होतो. ती सोले निवडत होती, मी पेटीपुढे बसून एकेक बटण दाबून बघत होते. मोकळ्या स्पूलवर आवाज भरायचं लाल बटण दाबलेलं राहिलं हे माझ्या लक्षात आलं नाही. आत्या फुलवाल्यांच्या सुनेबद्दल सांगत होती, आणि ते बरंच होतं. मग मी टेप मागे घेऊन लावली, आणि पेटीतून आत्या बोलायला लागली. चढ्या, करकरीत आवाजात, जशीच्या तशी.

आत्या सोले निवडायचं सूप टाकून उठली. "माह्या आवाजात कोन बोलून राहिलं?"

"तूच आहेस, आत्या."

"मी तं अठी हावो!" मग आपलंच बोलणं कानावर पडलं तशी ती हादरली. "बंद कर वं ते, भितीपलीकडं जाते आवाज!"

मी बंद केलं आणि तशीच बसून राहिले. आत्या जाड झाली नव्हती, घोगरी झाली नव्हती, झोपलीही नव्हती. पेटी जर आजारी असेल, हळू फिरत असेल, तर आत्याही हळू यायला हवी होती. पण आत्याला घेतलं तेव्हाही पेटी त्याच चालीनं फिरत होती आणि ऐकवतानाही. म्हणून आत्या खरी आली. मग प्रभाकरला घेतलं तेव्हा ही पेटी वेगळ्या चालीनं फिरत असली पाहिजे. पेटी तीच. बदललं काय? देश.

मी पेटी उलटी केली. मागे एक पितळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत कंपनीचं नाव, विजेचा जोर आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, साठ सायकल. मला एकदम हसू आलं. विजेच्या प्रवाहाला एक ठेका असतो, सेकंदाला इतक्या वेळा तो पुढे-मागे होतो, त्यालाच इंग्रजीत सायकल म्हणतात. आपल्याकडे तो पन्नास, अमेरिकेत साठ. परीक्षेत मी हे नेहमी बरोबर लिहीत असे. ठोकळा विजेचा जोर कमी करून देत होता, पण ठेका बदलणं त्याच्या हातात नव्हतं. आणि मोटर बिचारी ठेक्यावर चालणारी. तिकडे सहा पावलं टाकणारी मोटर इकडे पाचच टाकत होती.

संध्याकाळी मी बाबांना हे समजावून सांगितलं. बाबांनी फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत सहा भागिले पाच लिहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आत्याला ते पटेना. "साठ सायकली? ह्या येवढ्याशा पेटीत? कुठी हायेत, दाखव मले."

"आत्या, त्या विजेच्या सायकली."

"मंग दहा कोनं चोरल्या?"

उपाय सोपा होता, निदान कागदावर. मोटरचा दांडा रबराच्या चाकाला घासून ते फिरवत होता. दांडा पाचाला एक या प्रमाणात जाड केला, की हरवलेला वेग परत येणार. मी दवाखान्यात जखमेवर लावतात ती चिकटपट्टी आणली आणि त्या दांड्यावर गुंडाळायला बसले. वेढा सरळ पडेना. वाकडा पडला की प्रभाकर थरथरायचा, दोन वाकडे पडले की रडायचा. शनिवार त्यातच गेला. रविवारी सकाळी मी सगळं सोलून पुन्हा नव्यानं गुंडाळलं, या वेळी अगदी गुळगुळीत आणि घट्ट. आणि जरा जास्तच.

मी बटण दाबलं आणि पेटीतून एक खार बोलायला लागली. "मीप्रभाकरबोलतोय!" चिरचिर, चिरचिर. भात, बर्फ, म्हातारी, साखर, सगळे एकमेकांच्या अंगावर धावत सुटले. आधी मायला हसू फुटलं, मग बाबांना. आठवडाभर पोटात धरलेलं सगळं बाहेर पडलं. आत्या भिंतीला टेकून डोळे पुसत होती, "अरे, आता तं लयच शुद्धीवर आला!"

आणि दारात गणपतराव उभे होते. मागे अनसूयाबाई.

टांग्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नव्हता. गणपतरावांचा चेहरा तांबडा होत गेला. "गुरुजी," ते म्हणाले, "पसंत नसन तं नाई म्हना. पन माह्या पोराची अशी थट्टा? खेळनं केलं तुमी त्याचं?"

बाबा उभे राहिले, पण हसू अजून पुरतं थांबलं नव्हतं, ते आवंढ्यासारखं वरखाली होत होतं. मीच पुढे झाले. "काका, थट्टा नाही. पेटीला इकडची वीज हळू पडत होती. मी दुरुस्त करत होते. जरा जास्त झालं. एक मिनिट बसा. बसा ना."

ते बसले नाहीत. मी त्यांच्यासमोरच झाकण काढलं, नखानं पट्टीचं टोक शोधलं आणि एक वेढा सोलून काढला. लावून पाहिलं. अजून थोडी चिरचिर होती. आणखी अर्धा वेढा काढला, कात्रीनं कापला, बोटानं दाबून बसवला. झाकण न लावताच बटण दाबलं.

"मी प्रभाकर बोलतोय."

साधा आवाज. थोडा बारीक, थोडा नाकातला, मोठ्या माणसांपुढे एकेक शब्द जपून टाकणाऱ्या मुलाचा. खोटं कशाला सांगू, मला किंचित वाईट वाटलं. आठवडाभरात त्या भारदस्त आवाजाची मला सवय झाली होती. पण ते क्षणभरच, कारण अनसूयाबाई खाली बसल्या होत्या. सतरंजीवर नाही, दारातच, जमिनीवर, जिथं उभ्या होत्या तिथं.

"हा माहा पोट्टा हाय," त्या म्हणाल्या. "अहो, हा माहा पोट्टा हाय!"

मग हळूहळू कळलं. पेटी अकोल्याला आली त्या दिवशी त्यांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि त्यांना वाटलं, मुलाच्या घशाला मोठा आजार झाला आहे आणि तो लपवतो आहे. तेव्हापासून त्या धड जेवल्या नव्हत्या. गणपतरावांनी थंडीचं कारण शोधून काढलं होतं, त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. मुलीकडच्यांना फसवायचं नाही आणि मुलाला आजारी म्हणवायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये ते नवराबायको आमच्याकडे आले होते. आता गणपतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि उपरण्यानं नाक पुसत होते. पेटीतला मुलगा बोलतच होता. गेल्या खेपेला अर्ध्यात तोडलेलं पुढचंही आता आलं. कपाशीच्या बोंडांबद्दल तो इतका रंगून बोलला, की आत्याला शेवटी म्हणावं लागलं, "आता याले बंद कसं करतेत?"

त्या दिवशी अनसूयाबाई पोटभर जेवल्या. आमटी दोनदा मागून घेतली. जेवणं झाल्यावर बाबांनी मोकळं स्पूल चढवलं. आधी मी बोलायचं होतं. पाच जणांच्या देखत. मी म्हटलं, "मी सुमन. तुमच्या पेटीची चाल मी सुधारली आहे. मला नागपूरला एम.एस्सी. करायचं आहे. ते झाल्यावर लग्न. तुम्हांला थांबायला जमत असेल तर सांगा." मायनं कपाळावर हात मारला. गणपतराव म्हणाले, "लाइन क्लिअर," आणि हसले. ते हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग त्यांनी माइक अनसूयाबाईंच्या हातात दिला. बाई आधी नको नको म्हणाल्या. मग पदर सावरला, माइक तोंडाशी नाही तर कानाशी धरला, बाबांनी तो हळूच खाली आणला. त्या म्हणाल्या, "परभाकर? जेवला काय रे?"

आणि थांबल्या.

चकत्या फिरत होत्या. बाई उत्तराची वाट पाहत होत्या. ही पेटी आत्ता फक्त ऐकून घेते, बोलणार नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी फिजिक्सची विद्यार्थिनी, बाबा गणिताचे मास्तर. पण कोणीही हललं नाही. बाई तशाच, मान जरा कलती करून, ऐकत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माइक खाली ठेवला.

प्रभाकर दोन वर्षं थांबले. लग्नानंतर एकदा मी त्यांना त्या टेपबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, की ते स्पूल पोचल्यावर एका मित्राची पेटी मागून आणून ते तिकडे खोलीत एकटेच ऐकत होते. आईनं विचारलं आणि ती थांबली, तेव्हा त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "हो माय, जेवलो." आणि तेवढ्यात पेटीतून ती म्हणाली, "बरं."